नागपूर-मुंबई विमानाने दीड तास. मग गावातून निघालेला माणूस परळला साडेसात तासांनी का पोहोचतो?

हिंगणघाट (ता. प्र.) : मोबाईलसमोर तोंड नेऊन "नागपूर ते मुंबई विमानाने किती वेळ" एवढं विचारलं की पटकन उत्तर येतं, साधारण दीड तास. ऐकणाऱ्याला वाटतं, मग काय, सकाळी निघू आणि दहा-अकराला दवाखान्यात हजर होऊ. इथेच हिशोब चुकतो. मुंबईला परळच्या टाटा दवाखान्यात सकाळचा नंबर असतो, विमानाचं तिकीट महाग असूनही काढलेलं असतं, आणि रुग्णाला घेऊन माणूस तिथे पोहोचतो तेव्हा दुपार झालेली असते. मग दुसऱ्या दिवसाचा नंबर, आणखी एक रात्र मुंबईत, आणखी खर्च.

मोबाईल खोटं बोलत नाही. पण तो सांगतो ते एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळापर्यंतचं. घराच्या दारातून दवाखान्याच्या दारापर्यंतचं गणित आपल्याला स्वतःच करावं लागतं. उपचार असो, मुलाखत असो, मंत्रालयातलं काम असो की परदेशात जाणाऱ्या पोराला सोडायला जाणं असो, हे गणित एकदा समजून घेतलं तर पैसे आणि दिवस दोन्ही वाचतात.

नागपूर-मुंबई अंतर नेमकं किती?

हा प्रश्न चार जणांना विचारला तर चार उत्तरं येतात. आणि चारही बरोबर असू शकतात.

- विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत : साधारण ६८० किलोमीटर
- समृद्धी महामार्ग : ७०१ किलोमीटर
- रेल्वे, नागपूर ते मुंबई सीएसएमटी : ८३७ किलोमीटर
- अमरावती, अकोला, जळगाव, धुळे, नाशिकवरून जुन्या रस्त्याने : आठशे किलोमीटरच्या पुढे

फरक का पडतो? नकाशा घ्या आणि नागपूर व मुंबईवर पट्टी ठेवा. ती रेघ वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागावरून, मेहकरच्या बाजूने, छत्रपती संभाजीनगरच्या आसपासून मुंबईकडे जाते. रेल्वे मात्र वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, मनमाड, नाशिकरोड, इगतपुरी असा वरच्या बाजूने वळसा घेते आणि कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणला येते. इंग्रजांच्या काळात रूळ टाकले तेव्हा चढ-उतार, नद्या आणि कापसाच्या बाजारपेठा पाहूनच टाकले गेले. त्यामुळे सरळ रेषेपेक्षा रेल्वेचं अंतर दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त भरतं.

समृद्धी महामार्ग त्या सरळ रेघेच्या बराच जवळून जातो, म्हणून तो ७०१ किलोमीटरमध्ये बसतो. पण इथेही एक गोष्ट ध्यानात ठेवायची. हे ७०१ किलोमीटर नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावापर्यंतचे आहेत. आमण्यापासून परळ, दादर किंवा मंत्रालय हे अंतर वेगळं, आणि तिथली गर्दीही वेगळी.

म्हणजे अंतर कुठून कुठपर्यंत मोजलं ते आधी पाहायचं. नागपुरात झिरो माईलचा खांब आहे, रस्त्याची अंतरं मोजताना अनेकांच्या डोळ्यापुढे तोच असतो. रेल्वे स्टेशनपासून स्टेशनपर्यंत मोजते. विमान कंपनी विमानतळापासून विमानतळापर्यंत. आणि आपला प्रवास सुरू होतो तो गावातल्या चावडीपासून.

सरळ रेषेचं अंतर घरी कसं काढायचं?

दहावीच्या पोरांना हे सहज जमेल. नागपूर विमानतळ साधारण २१.०९ अंश उत्तर अक्षांश आणि ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. फरक २ अंशांचा, म्हणजे २२२ किलोमीटर. पूर्व-पश्चिम एक अंश आपल्या भागात साधारण १०४ किलोमीटरचा भरतो, कारण विषुववृत्तापासून वर गेलं की रेखांश एकमेकांच्या जवळ येत जातात. फरक ६.१८ अंशांचा, म्हणजे सुमारे ६४५ किलोमीटर.

आता काटकोन त्रिकोण डोळ्यापुढे आणा. एक बाजू २२२, दुसरी ६४५. पायथागोरसच्या नियमाने कर्ण काढला की उत्तर येतं ६८२ च्या आसपास. विमान कंपन्यांच्या आकड्याच्या अगदी जवळ. लांबच्या देशांसाठी पृथ्वीचा गोलपणा धरून वेगळं सूत्र लागतं, पण राज्यातल्या राज्यात हा हिशोब पुरतो.

६८० किलोमीटरला विमान दीड तास का घेतं?

या मार्गावरची मोठी जेट विमानं वर गेल्यावर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जातात. ६८० ला ८३० ने भागलं तर ४९ मिनिटं येतात. मग तिकिटावर दीड तास का?

आपल्या लालपरीचं उदाहरण घ्या. हिंगणघाट ते नागपूर साधारण ८० किलोमीटर. एसटी ताशी ८० ने धावू शकते, म्हणून ती एका तासात पोहोचते का? नाही. स्टँडमधून बाहेर पडायचं, जामला थांबायचं, बुटीबोरीच्या गर्दीतून निघायचं, मग शहर. विमानाचंही तसंच आहे.

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ, आकाशात उडण्याची नव्हे. त्यानंतर ते धावपट्टीच्या टोकापर्यंत जमिनीवरून चालत जातं, आपला नंबर येईपर्यंत थांबतं. उडाल्यावर पूर्ण उंची, म्हणजे दहा किलोमीटरच्या आसपास, गाठायला वीसेक मिनिटं लागतात. उतरायला त्याहून थोडं जास्त. या काळात वेग कमीच असतो. नागपूर-मुंबईसारख्या जवळच्या मार्गावर पूर्ण वेगाने सरळ जाण्याचा काळ थोडाच उरतो. उतरल्यावर पुन्हा जमिनीवरून चालत गेटपर्यंत. तिकिटावरची पोहोचण्याची वेळ म्हणजे विमान तिथे जाऊन उभं राहण्याची वेळ.

म्हणून दीड तासातला हवेतला भाग साधारण एक तास-सव्वा तासाचा असतो. बाकी जमिनीवर जातो. कंपन्या वेळापत्रकात पाच-दहा मिनिटं हातची राखूनही ठेवतात, म्हणून कधी विमान वेळेआधी पोहोचल्याची घोषणा होते.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का?

वरच्या थरात वारा जोरात वाहतो. हिवाळ्यात आपल्या भागावर उंचावर तो बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे असतो. मुंबईहून नागपूरला येताना तो पाठीशी, नागपूरहून मुंबईला जाताना समोरून. समजा वारा ताशी ६० किलोमीटरचा आहे. पाठीशी असेल तर विमानाचा जमिनीवरचा वेग ८३० चा ८९० होतो, समोरून असेल तर ७७०. याच ६८० किलोमीटरला एकदा ४६ मिनिटं आणि एकदा ५३ मिनिटं. फरक सात मिनिटांचा. जवळच्या प्रवासात तो जाणवत नाही, पण परदेशाच्या लांब प्रवासात हाच फरक अर्धा-पाऊण तासाच्या पुढे जातो.

उशीर कुठे होतो?

मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत, एका वेळी एकीचाच वापर होतो. एवढ्या मोठ्या शहराची वाहतूक त्यावर. म्हणून गर्दीच्या वेळी मुंबईजवळ आलेलं विमान आकाशातच गोल फिरत थांबतं. पावसाळ्यात जोराचा पाऊस आणि कमी दिसणं, यामुळे हे जास्त होतं. कधी विमान दुसऱ्या शहराकडेही वळवावं लागतं.

नागपूरला हिवाळ्याच्या पहाटे धुकं असतं. आणि एक गोष्ट लक्षात येत नाही ती म्हणजे सकाळी दुसऱ्या शहराहून येणारं विमान उशिरा आलं की तेच विमान पुढे घेऊन जायचं असतं, म्हणून आपलंही उशिरा निघतं. दिवसाच्या पहिल्या विमानाला हा धोका कमी. संध्याकाळपर्यंत दिवसभराचा उशीर साचत जातो.

उशीर झाला तर प्रवाशाला हक्क आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला आणि प्रवासी वेळेत विमानतळावर हजर असेल, तर कंपनीने नाश्ता-पाणी द्यायचं असतं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मागता येतं. काउंटरवर शांतपणे पण ठामपणे मागायचं.

दारापासून दारापर्यंत : खरा हिशोब

समजा हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावातून कास्तकार नवरा-बायको निघाले आहेत. गाव हिंगणघाटपासून १५ किलोमीटर. विमान सकाळी १० चं.

- सकाळी ६.०० : घरातून निघाले, ऑटो किंवा काळी-पिवळीने हिंगणघाट
- ६.४५ : नागपूरची एसटी मिळाली
- ८.१५ : वर्धा रोडवर विमानतळाजवळ उतरले, ऑटो केला
- ८.३० : विमानतळाच्या दारात, आधार कार्ड आणि तिकीट दाखवून आत
- ९.०० : सामान घेणारं काउंटर बंद (साधारण एक तास आधी)
- ९.३५ : विमानात बसण्याचं गेट बंद (साधारण २५ मिनिटं आधी)
- १०.०० : विमान हललं
- ११.३० : मुंबई
- १२.१५ : सामान घेऊन बाहेर
- दुपारी १.३० : परळ

एकूण साडेसात तास. त्यातला हवेतला वेळ एक तास-सव्वा तास. बाकीचे सहा तास जमिनीवरचे. आणि हा सगळं सुरळीत झालं तरचा हिशोब आहे. एसटी अर्धा तास उशिरा आली तर ९ चं काउंटर हुकतं, आणि तिकिटाचे पैसे बहुतेक बुडतात.

आपल्याकडच्या लोकांना एक सोय आहे. हिंगणघाटहून येणारा आणि वर्ध्याहून येणारा रस्ता बुटीबोरीला एकत्र येतो, आणि सोनेगावचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ शहराच्या अलीकडेच, वर्धा रोडवर आहे. त्यामुळे नागपूर शहरात घुसायची गरज नाही. बसस्थानकापर्यंत गेलं तर पुन्हा उलटं यावं लागतं. कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं.

मग रेल्वे वाईट का?

मुळीच नाही. उलट सकाळच्या नंबरासाठी रेल्वेच बहुतेक वेळा कामाची ठरते.

नागपूरहून मुंबईला रेल्वेला साधारण १२ ते १४ तास लागतात. वर्ध्याहून तासभर कमी. हिंगणघाट दिल्ली-चेन्नई मार्गावर असल्याने मुंबईची गाडी धरायला बहुतेकांना वर्धा किंवा सेवाग्राम गाठावं लागतं, रस्त्याने साधारण ४० किलोमीटर. संध्याकाळी बसलं, डब्यातच जेवण, रात्रभर झोप, आणि रात्रीच्या गाड्या सकाळी मुंबईत. दादरला थांबणारी गाडी असेल तर परळ तिथून जवळच.

घड्याळाने मोजलं तर रेल्वेला दुप्पट वेळ लागला. पण त्यातली रात्र झोपेत गेली, सकाळी ८-९ ला माणूस दवाखान्यात हजर झाला आणि लॉजचा खर्च वाचला. विमानाने सकाळचा नंबर गाठायचा असेल तर आदल्या दिवशीच जावं लागतं, म्हणजे तिकीट अधिक एक रात्रीचा मुक्काम. म्हणजे कमी वेळाचा प्रवास महाग तर पडतोच, वर दिवसही तेवढेच खातो.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णांना मोठी सवलत आहे, आणि ती अजूनही अनेकांना ठाऊक नाही. उपचाराला किंवा तपासणीला जाताना-येताना स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी दवाखान्याचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. पहिल्या भेटीतच डॉक्टरांकडे मागून ठेवायचं. घरापासून स्टेशनपर्यंत एसटीतही महिलांना अर्ध तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत.

समृद्धीने गाडी करून गेलं तर?

समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. आपल्या भागातून येळाकेळीजवळून वर चढता येतं. नागपूर-मुंबई आठ तास असं सांगितलं जातं. सपाट भागात कारला वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, घाटात १००.

गणित करून पाहा. साडेसहाशे किलोमीटर सरासरी १०० ने गेलं तर साडेसहा तास. दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं थांबलं तर तास-सव्वा तास वाढला. आमण्यापासून भिवंडी-ठाण्याच्या गर्दीतून परळपर्यंत दीड-दोन तास. गावापासून येळाकेळीपर्यंत एक-सव्वा तास. मिळून दहा-बारा तास होतात. चार जण असतील, रुग्णाला आडवं झोपवून न्यायचं असेल, सामान जास्त असेल तर गाडी परवडते.

मात्र रात्री एकाच ड्रायव्हरवर हा प्रवास करू नये. सरळ, रिकामा, एकसारखा रस्ता डोळ्यांवर झापड आणतो. १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्यात वर्ध्याचेही होते. उन्हाळ्यात निघण्याआधी टायर आणि त्यातली हवा तपासायचीच. आणि फटफटी, ऑटो, ट्रॅक्टर यांना या रस्त्यावर बंदी आहे.

तिकिटावर या चार गोष्टी नीट पाहा

पहिली, विमानतळ कोणता. मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. जुनं छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ अंधेरी-विलेपार्ल्याकडे, आणि दुसरं नवी मुंबईचं, पनवेल-उलव्याकडे. नव्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली. तिकिटावर जुन्यासाठी 'बीओएम' आणि नव्यासाठी 'एनएमआय' ही इंग्रजी अक्षरं असतात. परळला जायचं असेल तर जुनं सोयीचं. पण टाटाचंच दुसरं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे, आणि अनेक रुग्णांना तिथे बोलावतात. त्यांना नवं विमानतळ जवळ पडतं. चिठ्ठीवर परळ लिहिलंय की खारघर, ते वाचूनच तिकीट काढायचं.

दुसरी, टर्मिनल. जुन्या मुंबई विमानतळाला टर्मिनल १ आणि टर्मिनल २ आहेत. दोन्हींत रस्त्याने चार-पाच किलोमीटरचं अंतर. परतीच्या वेळी चुकीच्या टर्मिनलवर उतरलं की धावपळ होते. दोन्ही टर्मिनलजवळ आता भुयारी मेट्रोची स्टेशनं आहेत, तिथून दादरपर्यंत टॅक्सीपेक्षा स्वस्तात आणि ट्रॅफिकशिवाय जाता येतं.

तिसरी, रात्रीची तारीख. तिकिटावर '१५ तारीख, ००:३०' असं असेल तर ते १४ तारखेची रात्र संपल्यावरचं विमान आहे. १५ च्या रात्री गेलं तर विमान एक दिवस आधीच गेलेलं असतं. १४ तारखेला जेवण करून निघायचं, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं.

चौथी, सामान. देशातल्या प्रवासात साधारणपणे १५ किलो जमा करायची थैली आणि ७ किलो हातातली, पण तिकिटावर लिहिलेलंच खरं. अडकित्ता, कात्री, चाकू, विळी हातातल्या थैलीत चालत नाही, तपासणीत काढून घेतात. मोबाईलची पॉवर बँक मात्र हातातल्या थैलीतच ठेवायची, जमा करायच्या सामानात चालत नाही. रुग्णाच्या फाईली, रिपोर्ट आणि औषधं कधीही जमा करू नयेत, जवळच ठेवायची.

दुबईला जाणाऱ्या पोरांचा घोळ

तालुक्यातून कामासाठी आखातात जाणारी पोरं आहेत. घरचे तिकीट पाहून म्हणतात, "सकाळी १० ला निघून ११.४० ला दुबई, म्हणजे पावणेदोन तासांतच?" तसं नाही. तिकिटावर प्रत्येक शहराची तिथली स्थानिक वेळ छापतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथे ११.४० वाजले तेव्हा आपल्याकडे दुपारचे १ वाजून १० मिनिटं झालेली असतात. म्हणजे प्रवास ३ तास १० मिनिटांचा. मुंबई-दुबई सरळ अंतर १,९०० किलोमीटरच्या थोडं वर आहे, त्यामुळे हा आकडा जुळतो. येताना उलटं, तिकिटावर साडेचार-पावणेपाच तास दिसतात, पण खरे तीनच्या आसपास.

नागपूर-मुंबईला हा घोळ नाही, कारण सगळ्या देशाचं घड्याळ एक आहे. सूर्याचं घड्याळ मात्र वेगळं. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांवर आहे, आणि सूर्य एका अंशाला चार मिनिटं घेतो. म्हणून नागपुरात सूर्य डोक्यावर येतो त्यानंतर सुमारे २५ मिनिटांनी तो मुंबईत डोक्यावर येतो.

परदेशाच्या विमानाला तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचं. त्यासाठी नागपूरहून सकाळचं विमान धरून मुंबईत दुसरं विमान पकडायचं असेल, तर दोन्हींच्या मध्ये पाच-सहा तास ठेवावेत. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर पहिलं उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही, आणि भरपाईही देत नाही.

विमान कधी घ्यावं, कधी नाही

- दवाखान्याचा नंबर सकाळचा असेल तर आदल्या संध्याकाळची रेल्वे.
- नंबर दुपारी ३ नंतरचा असेल तर सकाळचं विमान चालतं, तेही दिवसातलं पहिलं असेल तर बरं.
- ऑपरेशननंतर रुग्णाला बसवत नसेल, थकवा असेल, तर परतीला विमान. पण आधी डॉक्टरांना विचारून विमानप्रवासाला हरकत नसल्याची चिठ्ठी घ्यायची. काही ऑपरेशननंतर थोडे दिवस विमानात बसता येत नाही. चाकाची खुर्ची लागणार असेल तर तिकीट काढतानाच नोंदवायची.
- घरात वाईट घटना घडली, तातडीने पोहोचायचं आहे, तर विमान. मात्र गावापासून विमानतळापर्यंतचे तास धरूनच कोणतं विमान मिळेल ते ठरवायचं.
- चार-पाच जण, जास्त सामान, आडवा रुग्ण, तर गाडी. दोन ड्रायव्हर आणि दिवसाचा प्रवास.

आणि त्याही आधी एक प्रश्न डॉक्टरांना विचारून घ्यावा. हा उपचार मुंबईलाच घ्यावा लागेल का? सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना आपल्या जिल्ह्यातच आहे. नागपूरच्या अलीकडे, वर्धा रोडवरच जामठ्याला कॅन्सरचं मोठं रुग्णालय उभं राहिलं आहे. काही रुग्णांना मुंबईचा सल्ला घेऊन पुढची किमो किंवा तपासणी इकडेच करता येते. तसं झालं तर दर महिन्याचा आठशे किलोमीटरचा प्रवास टळतो.

ज्यांना जावंच लागणार आहे त्यांनी तिकीट काढण्याआधी कागदावर एक उलटा हिशोब मांडावा. दवाखान्यात किती वाजता हजर व्हायचं ते वर लिहायचं. त्यातून मुंबईतला वेळ वजा करायचा, मग विमानाचा किंवा रेल्वेचा, मग विमानतळावरचा किंवा स्टेशनवरचा, मग एसटीचा, मग काळी-पिवळीचा, आणि शेवटी एक तास अडचणीचा. खाली जी वेळ उरेल, ती घरातून निघायची वेळ. ती मध्यरात्रीची आली, तर आदल्या दिवशीच निघायचं.